पितळी कडी-कोयंडे चमकवताय? आधी लोहचुंबक लावून बघा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराघरात साफसफाई निघते. भांडी घासून होतात, समया-निरांजने लखलखीत होतात आणि मग नजर जाते ती दाराच्या कडीकडे, देव्हाऱ्याच्या मुठीकडे, जुन्या लाकडी पेटीच्या कोयंड्याकडे, नाहीतर झोपाळ्याच्या कड्यांकडे. वर्षभरात हे सगळे काळपट पडलेले असते, कुठे कुठे हिरवे डागही आलेले असतात. मग तीच चिंच, तीच राख आणि तीच तारेची घासणी घेऊन लोक त्यावर तुटून पडतात.

घोटाळा इथेच होतो. भांड्याला जे चालते ते फर्निचरच्या पितळेला चालतेच असे नाही. तांब्या-पातेले जाड पत्र्याचे असते, घासून झाल्यावर ते पाण्यात बुचकळून काढता येते. कपाटाची मूठ लाकडात बसवलेली असते. तिच्या मागे पाणी आणि आंबट रस अडकून राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दिसायला पिवळी असलेली प्रत्येक मूठ पितळेची नसते. बऱ्याचदा आत लोखंड असते आणि वर पिवळा मुलामा. तो एकदा घासून गेला की घरी परत आणता येत नाही.

महागडे पॉलिश न आणता स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर हे काम चांगले होते. पण धातू कोणता ते ओळखायचे, रस किती वेळ ठेवायचा ते पाळायचे आणि शेवटी स्वच्छ धुऊन कोरडे करायचे, या तीन गोष्टी चुकवायच्या नाहीत.

पितळ काळे का पडते?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात साधारण ६० ते ७० टक्के तांबे असते, बाकी बहुतेक जस्त. हवा, ओल आणि हाताचा घाम लागून यातल्या तांब्यावर पातळ थर चढतो. सुरुवातीला तो तपकिरी दिसतो, मग काळपट होतो. चुलीचा धूर आणि तेलकट हात यांनी त्यावर मळ बसतो. ओल, मीठ किंवा आंबट पदार्थ बराच काळ लागून राहिला की हिरवा थर येतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, त्यामागचे कारण हेच. हा हिरवा थर म्हणजे तांब्याचे क्षार. फवारणीचे मोरचूद त्याच कुळातले. म्हणून ती हिरवी पूड तोंडात-नाकात जाऊ देऊ नये.

शेतकऱ्याच्या घरी आणखी दोन कारणे असतात. एक म्हणजे गंधक. द्राक्षावर आणि भाजीपाल्यावर भुरीसाठी गंधकाची पावडर वापरतात. ती ज्या खोलीत ठेवलेली असते तिथले पितळ लवकर काळे पडते. दुसरे म्हणजे अमोनिया. गोठ्यातल्या मुतारीचा जो उग्र वास डोळ्याला झोंबतो तो अमोनियाचा. ओल लागलेल्या युरियातूनही तो निघतो. अमोनिया पितळेला नुसते काळे करत नाही, तर ताणाखाली असलेल्या पितळेला चिरा पाडतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली की तडकायची. त्याला कारण घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा हे होते, याचा उलगडा १९२१ साली झाला. त्यामुळे जुन्या दाराच्या सुट्या केलेल्या पितळी कड्या खताच्या खोलीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवू नयेत.

आधी धातू ओळखा

यासाठी एक लोहचुंबक पुरे. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधला निघाला तरी चालतो. मुठीला, कडीला लावून बघा.

चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. अशा वस्तूला राख, पॉलिश पेपर, पावडर काहीही लावायचे नाही. चिंच-मीठही नको. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके एवढेच. पुसून लगेच कोरडे करायचे.

चुंबक चिकटले नाही तर पितळ असू शकते, पण लगेच खात्री धरू नका. अ‍ॅल्युमिनिअम आणि जस्ताच्या ओतीव मुठींनाही चुंबक चिकटत नाही. मूठ हातात घेऊन बघा. पितळ वजनाला जड लागते, अ‍ॅल्युमिनिअम अगदी हलके. मग मुठीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला नखाएवढ्या जागेवर हलकेच घासून बघा. आतून पिवळे निघाले तर पितळ. पांढरट किंवा करडे निघाले तर वरचा रंग नुसता मुलाम्याचा आहे. तिथेच थांबा.

आणखी एक गोष्ट तपासायची. अलीकडच्या पितळी मुठींवर कारखान्यातच पारदर्शक वार्निशचा थर दिलेला असतो. तो जुना झाला की कांद्याच्या पातीसारखे पापुद्रे सुटतात आणि धातूवर नकाशासारखे डाग दिसतात. काही भाग चकचकीत, काही भाग काळा. अशा मुठीवर चिंच कितीही चोळली तरी वार्निशच्या खाली रस पोहोचत नाही. आधी तो थर काढावा लागतो. मूठ सुटी करून नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसली की तो निघतो. मात्र हे काम चूल, गॅस, विडी-काडीपासून लांब आणि उघड्या हवेत करायचे, कारण ते द्रव भडकन पेटते. लाकडावरही सांडू देऊ नका, पॉलिश उतरते.

लाकडापासून सुटे करा

जमेल तिथे मूठ, कडी, बिजागरी लाकडापासून काढून घ्यावी. चिंचेचा रस लाकडात मुरला तर तिथे डाग पडतो. साग, बाभूळ अशा लाकडात टॅनिन असते. लोखंडी खिळ्याच्या किंवा स्क्रूच्या गंजाचे पाणी त्याला लागले की काळे-निळे डाग उमटतात. ते नुसत्या पुसण्याने जात नाहीत.

काढताना या गोष्टी सांभाळा. सुरुवात करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती मूठ कुठल्या खणाची होती ते नंतर कळते. जुन्या स्क्रूला सरळ आडवी खाच असते. त्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. अरुंद टोकाने खाच तुटते आणि मग स्क्रू निघता निघत नाही. स्क्रू घट्ट असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर राहू द्या. प्रत्येक मुठीचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा, कारण जुने स्क्रू हाताने बनवलेले असतील तर एकाचा दुसऱ्या भोकात बसत नाही.

जुन्या वाड्याच्या दारांवर पितळी फुल्या आणि पट्ट्या खिळ्यांनी ठोकून मागून वाकवलेल्या असतात. त्या उपसायला जाऊ नका. लाकूड फाटते, फुली वाकते. अशा वेळी फुलीभोवती कागदी चिकटपट्टी लावून लाकूड झाकावे आणि रस ओघळणार नाही एवढाच, फडक्याला लावून वापरावा.

चिंचेने साफ करण्याची पद्धत

लिंबाएवढी चिंच अर्धा कप गरम पाण्यात १५-२० मिनिटे भिजवा. कोळून घट्ट गर काढा, चिंचोके आणि शिरा वेगळ्या करा. त्यात चिमूटभर बारीक मीठ मिसळा. खडे मीठ नको, ओरखडे पडतात.

पहिली पायरी म्हणजे मळ काढणे. हाताचे तेल आणि धुराची काजळी वर असेल तर आंबट रस धातूपर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी चार-पाच रिठे पाण्यात उकळून ते पाणी घ्या किंवा भांड्यांचा पातळ साबण. जुन्या टूथब्रशने नक्षीतला मळ काढा, धुवा.

दुसरी पायरी, चिंचेचा गर बोटाने पातळ लावा आणि ५ मिनिटे थांबा. घड्याळ बघून. काळा थर सुटायला लागल्याचे डोळ्याला दिसते. मऊ सुती फडक्याने गोल गोल चोळा. जुने धोतर, सुती साडीचा तुकडा यापेक्षा चांगले काही नाही. डाग राहिला तर परत गर लावून ५ मिनिटे. एकदाच तासभर ठेवण्यापेक्षा पाच-पाच मिनिटे तीनदा लावलेले बरे.

तिसरी पायरी बरेच जण सोडून देतात, आणि पितळ आठ दिवसांत परत हिरवे पडते ते त्यामुळेच. वस्तू वाहत्या पाण्यात धुवा. नंतर एका मगभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात मिनिटभर बुडवा. उरलेला आंबटपणा सोड्याने मरतो. परत साध्या पाण्याने धुवा, म्हणजे मीठही निघून जाईल. मीठ खाचेत राहिले तर तिथूनच हिरवे ठिपके येतात.

चौथी पायरी, लगेच कोरडे करा. फडक्याने पुसून अर्धा तास उन्हात ठेवा. पाणी आपोआप वाळू दिले तर थेंबांचे डाग उठतात.

चिंचेत टार्टरिक आम्ल असते, ते काळा थर विरघळवते. मीठ त्या कामाला जोर देते. म्हणून नुसत्या चिंचेपेक्षा मीठ घातलेली चिंच लवकर काम करते, आणि जास्त वेळ राहिली तर नुकसानही लवकर करते.

घरात चिंच नसेल तर

लिंबू: अर्धे लिंबू मिठात बुडवून चोळता येते. चिंचेपेक्षा तिखट काम करते, म्हणून दोन-तीन मिनिटेच.

आंबट ताक किंवा दही: यातले आम्ल सौम्य असते. हलका काळपटपणा असेल तर १५-२० मिनिटे लावून ठेवले तरी चालते. देव्हाऱ्याच्या बारीक कामाला हे बरे.

व्हिनेगर आणि कणीक: अर्ध्या वाटी व्हिनेगरमध्ये चमचाभर मीठ घालून, मावेल तेवढी कणीक कालवून सैलसर लेप करा. उभ्या दारावर रस ओघळतो तिथे हा लेप चिकटून राहतो. दहा मिनिटांनी पुसून घ्या.

खाण्याचा सोडा: पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळला तर मळ निघतो. लिंबू आणि सोडा एकत्र करून लावायची पद्धत मोबाइलवरच्या व्हिडिओत खूप दाखवतात. फेस छान येतो, पण त्यात लिंबाचा आंबटपणा सोडा मारून टाकतो. उरतो तो फक्त सोड्याचा घासण्याचा गुण. आधी लिंबू, ते धुऊन नंतर सोडा, असे केले तर दोन्हींचा उपयोग होतो.

पांढरी टूथपेस्ट: लहान मुठीला चालते. नक्षीच्या खाचेत मात्र पांढरी राहते, ती ब्रशने धुऊन काढावी लागते.

पितळ गुलाबी दिसले की थांबा

आंबट रसात पितळ जास्त वेळ राहिले तर वरच्या थरातले जस्त आधी निघून जाते आणि तांबे मागे राहते. मग पिवळ्या पितळेवर गुलाबी-तांबूस झाक येते. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेल्या मुठी सकाळी लालसर दिसतात त्या यामुळे. ही स्वच्छतेची खूण नाही, झिजेची आहे. झाक हलकी असेल तर ओल्या सोड्याने मऊ फडक्यावर थोडा वेळ चोळले की बरीच कमी होते. खोल गेली असेल तर वरचा धातू घासूनच काढावा लागतो आणि त्यात नक्षी जाते. म्हणून ‘रात्रभर भिजत ठेवा’ हा सल्ला फर्निचरच्या पितळेसाठी पाळू नये.

हे वापरू नका

तारेची घासणी, पॉलिश पेपर, रांगोळी, विटेचा चुरा यांनी पितळ लगेच चमकते, पण बारीक ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांत ओल आणि मळ बसतो आणि पुढच्या वेळी ते आधीपेक्षा लवकर काळे होते. राख वापरायचीच असेल तर मलमलच्या कापडातून गाळलेली, ओली करून, आणि फक्त सपाट भागावर. नक्षीवर नको.

संडास साफ करायचे अ‍ॅसिड कडीवर ओतण्याचा प्रकारही होतो. ते धातू खाते, स्क्रू खाते आणि हातही भाजते. त्याहून धोक्याचे म्हणजे अ‍ॅसिड, लिंबू किंवा व्हिनेगर यात कपडे पांढरे करायचे ब्लीच मिसळणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत हा वायू जिवावर बेतू शकतो. हे दोन कधीही एकत्र येऊ देऊ नका.

जुन्या दाराच्या कड्यांवर अनेकदा ऑइलपेंटचे थर असतात. जुन्या रंगात शिसे असायचे. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा खरवडून धूळ उडवू नका. लहान मुले घरात असतील तर अजिबातच नको. सुटी केलेली कडी जुन्या, स्वयंपाकात परत न वापरायच्या पातेल्यात गरम पाण्यात ठेवली की रंग मऊ होऊन ओलाच सुटतो. निघालेले पापुद्रे गोळा करून टाकून द्या, चुलीत जाळू नका.

धुतलेले पाणी गुरांच्या हौदाजवळ, विहिरीजवळ ओतू नये. त्यात तांबे उतरलेले असते. मेंढ्यांना तर तांबे थोडेही जास्त झाले तरी बाधते.

लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या वस्तूंचे काय?

लोखंडी कडी किंवा बिजागरी गंजली असेल तर तिला मीठ लावायचे नाही, गंज वाढतो. सुटी करून काही तास व्हिनेगरमध्ये बुडवा, ब्रशने गंज काढा, सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा आणि लगेच उन्हात किंवा चुलीच्या उबेला वाळवा. वाळल्याबरोबर तेलाचा हात फिरवा. तास-दोन तास तशीच ओली राहिली तर नवा तांबूस गंज चढतो.

अ‍ॅल्युमिनिअमच्या मुठीला सोडा आणि राख लावू नका, ती काळी पडते. साबणाचे पाणी पुरे. स्टीलला मीठ आणि ब्लीच नको, बारीक खड्डे पडतात.

परत लवकर काळे पडू नये म्हणून

साफ केलेले पितळ उघडे असते, ते पटकन हवा धरते. पूर्ण कोरडे झाल्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन चोळा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून टाका. बोट फिरवले तर तेलकट लागता कामा नये, नाहीतर धूळ चिकटते. मधमाशीचे मेण मिळाले तर ते जास्त टिकते. मूठ उन्हात कोमट करायची, मेण पातळ घासायचे, फडक्याने चमकवायचे.

बिजागरीच्या आत आणि स्क्रूच्या भोकात ओल राहिलेली नाही ना ते बघूनच परत बसवा. स्क्रू हाताने सुरू करा, शेवटी घट्ट करा. नंतर आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसले तर वर्षातून एकदा चिंच लावणे पुरते. दर सणाला घासण्याची गरज नाही. प्रत्येक वेळी थोडा धातू जातोच.

सगळेच चमकवायला हवे का?

नाही. एकसारखा तपकिरी रंग चढलेले जुने पितळ खराब झालेले नसते. तो थर घट्ट असेल, हिरवी पूड सुटत नसेल, तर तो खालच्या धातूला एका अर्थी सांभाळतोच. जुन्या वस्तू पारखून घेणारे लोक अशा रंगाला किंमत देतात, कारण वस्तू जुनी असल्याची ती खूण आहे. घासून नव्यासारखी केलेली कडी त्यांच्या दृष्टीने कमी मोलाची होते. काढायचा तो हिरवा थर, तेलकट मळ आणि गंज. बाकीचे आवडीवर.

हे सांगायचे कारण म्हणजे गावोगाव जुने वाडे उतरवले जात आहेत. दारे, पेट्या, पलंग यांचे काळे पडलेले पितळ पोत्यात भरून भंगारात किलोवर जाते. तशाच नक्षीच्या कड्या आणि मुठी पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात नगावर विकल्या जातात. काळे आहे म्हणून टाकाऊ, असे समजून दिलेली वस्तू परत येत नाही. पोते भरण्याआधी एक कडी कोमट पाण्याने धुवा, लोहचुंबक लावा, मागच्या बाजूला नखाएवढी जागा घासून बघा. खाली पितळ निघाले तर ती विकायची की नव्या दाराला बसवायची, हे निवांत ठरवता येईल. ओतीव पितळेची जुनी कडी नव्या घराच्या दारालाही बसते. त्यासाठी सुताराला चार भोके नव्याने पाडावी लागतील, एवढेच.